पेंड कोणती, किती आणि केव्हा?

प्रश्न : वाफ्यात शेंगदाण्याची पेंड मिसळली आणि त्याच दिवशी पालक व गाजराचं बी टाकलं. तुरळकच उगवलं, तेही कोलमडलं. पेंड खराब होती का?

पेंड बहुधा चांगलीच होती, घाई नडली. पेंडीतला नत्र (नायट्रोजन) प्रथिनांच्या रूपात असतो. ओल्या मातीत जिवाणू ही प्रथिनं फोडतात आणि त्यातून आधी अमोनिया सुटतो. शेतकरी म्हणतात ‘खत उष्ण पडलं’, ते हेच. नुकत्या फुटलेल्या कोंबाला हा अमोनिया सोसत नाही. शिवाय कुजत्या पेंडीवर आधी पोसतात त्या पिथियमसारख्या बुरश्या, आणि रोपं जमिनीलगत मऊ पडून कोलमडतात ती त्यांच्यामुळे. कुजण्याच्या वासावर येणाऱ्या माश्या तिथेच अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या भिजलेलं बी पोखरतात. एका चुकीला तीन शिक्षा.

पेंड पेरणीच्या दोन ते तीन आठवडे आधी द्या. गुठळ्या फोडून भरड करा, वाफ्यावर सारखी पसरा आणि खुरप्याने वरच्या ८ ते १० सेंटिमीटरमध्ये मिसळा. माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली हवी. कोरड्यात पेंड नुसती पडून राहते आणि चिखलात हवेअभावी सडते, म्हणजे घाण वास येतो आणि नत्रही उडून जातो. थंडीत माती १० अंशांच्या खाली असेल तर तीन आठवडेही पुरत नाहीत.

दिवस मोजण्यापेक्षा माती तपासणं खात्रीचं. वाफ्यातली ओली माती बरणीत अर्धी भरून झाकण लावा आणि तासाभराने उघडून वास घ्या. नाकाला झोंबलं तर थांबा. वास नसेल तर वाटीभर मातीत मुळ्याच्या दहा बिया टाका. पाच दिवसांत आठ-नऊ उगवून सरळ उभ्या राहिल्या, तर खुशाल पेरा. तयार रोपं लावायची असतील तर आठ-दहा दिवसांचं अंतर पुरतं, फक्त लावणीच्या खड्ड्यात मुठीने पेंड टाकू नका. मुळं थेट तिच्यात उतरली की करपतात.

प्रश्न : निंबोळी, सरकी, एरंडी, शेंगदाणा, सोयाबीन. एवढ्यांतून निवडायची कशी?

आधी नत्र बघा. शेंगदाणा आणि सोयाबीन पेंडीत तो साधारण ७ टक्के असतो, निंबोळी आणि मोहरीच्या पेंडीत ५, एरंडीच्या ४ ते ४.५. सरकी पेंडीचे दोन प्रकार आहेत. साल काढलेलीत ६ टक्क्यांच्या पुढे, सालीसकट असेल तर जेमतेम ४. निंबोळी पेंडीतही टरफलं आणि गर जास्त असला की नत्र २-३ टक्क्यांवर येतो, म्हणून पोत्यावरचा आकडा वाचल्याशिवाय घेऊ नये. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) बहुतेक पेंडींत १ ते २ टक्केच. थोडक्यात, पेंड हे नत्राचं खत आहे. तिने माती भुसभुशीत होईल ही अपेक्षा चुकीची, ते काम कंपोस्टचं.

आता हिशेब. फळभाजीला हंगामात चौरस मीटरला सुमारे १० ग्रॅम नत्र लागतो असं धरू. २ किलो चांगलं कंपोस्ट टाकलं असेल तर त्यातून पहिल्या हंगामात २-३ ग्रॅम मिळतो. उरले ७. पेंडीतल्या नत्रापैकी दोन-तृतीयांशाच्या आसपास त्या हंगामात हाती लागतो, म्हणून ७ मिळवायला ११ ग्रॅम नत्राची पेंड घालावी लागते. म्हणजे शेंगदाणा पेंड सुमारे १५५ ग्रॅम, निंबोळी २२०, एरंडी २५५. १.२ × २.५ मीटरच्या वाफ्याला शेंगदाणा पेंड ४६५ ग्रॅम झाली. त्यातली ३१० लावणीआधी द्या, उरलेली पाच आठवड्यांनी खोडापासून वीतभर लांब पसरून मातीत मिसळा आणि पाणी द्या. मुठीचं माप इथे चालत नाही. भरड आणि पीठ यांच्या एका मुठीत बराच फरक पडतो, तेव्हा काटा वापरा.

शेंगवर्गीय पिकाला पेंड जवळजवळ नकोच. टोमॅटो, मिरचीला दुप्पट घातली तर झाड हिरवंगार माजतं आणि फुलं गळतात. पालाश कमी पडतो म्हणून लाकडाची राख देणारे बरेच आहेत. हरकत नाही, पण पेंडीबरोबर एकाच दिवशी नको. राखेच्या अल्कतेने अमोनिया हवेत जातो, म्हणजे पैसे खर्चून नत्र उडवल्यासारखं. मध्ये तीन-चार आठवडे जाऊ द्या. माती आधीच अल्कधर्मी असेल तर राख टाळाच.

प्रश्न : कुंडीत पेंड टाकली की वर पांढरी बुरशी येते, थर घट्ट होतो आणि पाणी बाजूने वाहून जातं. उपाय?

ती बुरशी पेंड खाणारी आहे, झाडाला तिचा उपद्रव नाही. चूक पेंड वरच ठेवण्यात आहे. तेलघाणीच्या पेंडीत ६ ते ८ टक्के तेल राहतं आणि असा थर वाळला की पाणी झिडकारतो. थर खरवडून मातीत मिसळा, वर बोटभर कंपोस्ट पसरा. मुंग्या, माश्याही कमी होतात. ३० सेंटिमीटर तोंडाच्या कुंडीला एका वेळी १० ते १५ ग्रॅम पुरे, पुन्हा चार-पाच आठवड्यांनी. जास्त दिलीच असेल आणि पानांच्या कडा जळत असतील, तर वरची ४-५ सेंटिमीटर माती काढून नवी भरा.

कुंड्यांना पातळ करून देणं अधिक सोयीचं. १०० ग्रॅम पेंड १ लिटर पाण्यात भिजवा, झाकण सैल ठेवा (घट्ट लावलेली बाटली फुगून फुटते), रोज ढवळा. चार-पाच दिवसांनी गाळून दहापट पाणी घाला आणि ओल्या मातीत कुंडीला २०० मिलिलिटर, पंधरवड्यातून एकदा. वास येणारच. चोथा कंपोस्टमध्ये टाका.

प्रश्न : तेलघाणीची पेंड चांगली की तेल पूर्ण काढलेली? आणि गुरांचं पशुखाद्य चालेल का?

रसायनाने तेल काढलेल्या पेंडीला डीओसी (डी-ऑइल्ड केक) म्हणतात. ती लवकर कुजते, नत्रही किंचित जास्त. पण तेल काढायला हेक्झेन हे रासायनिक द्रावक वापरलेलं असतं, त्यामुळे सेंद्रिय प्रमाणपत्र हवं असणाऱ्यांनी आधी आपल्या संस्थेला विचारावं. सरकी घेताना हाच प्रश्न कीटकनाशकांच्या अंशाबाबत विचारा, कारण कापसावर फवारण्या बऱ्याच होतात. तयार पशुखाद्य मात्र नको. त्यात मीठ असतं, कधी युरियाही.

प्रश्न : निंबोळी पेंडीने सूत्रकृमी जातात का?

सूत्रकृमी म्हणजे मुळांत शिरून गाठी करणारे, डोळ्यांना न दिसणारे कृमी. ते कमी होतात, जात नाहीत. तिच्यातली कडू द्रव्यं सूत्रकृमींना मारक आहेत आणि ती नत्राचं नायट्रेट होण्याचा वेगही मंदावतात, म्हणून खत सावकाश लागू होतं. लावणीच्या तीन आठवडे आधी चौरस मीटरला २०० ग्रॅम द्या. मुळांवर गाठी भरपूर असतील तर तेवढ्यावर विसंबू नका. झेंडूचा एक हंगाम घ्या, प्रतिकारक वाण लावा.

प्रश्न : घरात कुत्रा आहे. एरंडी पेंड वापरू का?

नको. एरंडातलं रायसिन हे विष तेलात उतरत नाही, पेंडीतच राहतं. उष्णतेची प्रक्रिया नीट झाली नसेल तर ते टिकून असतं, आणि कुत्र्यांना पेंडीचा वास आवडतो. खाल्ल्याचा संशय आला तर उलटी-जुलाबाची वाट न पाहता पशुवैद्य गाठा. कुत्रा नसला तरी तिची धूळ नाकात जाऊ देऊ नका, काहींना जोरदार ॲलर्जी होते. मोहाच्या पेंडीचं वेगळंच. तिच्यातलं सॅपोनिन हे फेसाळ द्रव्य गांडुळांना आणि माशांना बाधतं, तेव्हा ती कंपोस्टमध्ये कुजवून, तळ्यापासून लांबच वापरावी.

प्रश्न : लसूणघासाची भुकटी गुलाबांना खरंच मानवते?

मानवते. नत्र २.५ ते ३ टक्के, पालाशही जवळपास तेवढाच, आणि कुजणं सौम्य. लसूणघासातल्या ट्रायकॉन्टॅनॉल या द्रव्याचा झाडांच्या वाढीवरचा परिणाम १९७७ मध्ये मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी मांडला, तेव्हापासून तिचा बोलबाला. मुख्य फायदा मला तरी साध्या खताचाच वाटतो. मोठ्या झुडपाला १०० ते १५० ग्रॅम, नवी फूट येताना. ढीग करून ठेवली तर तापते, पातळच पसरा.