शब्द कळतात, हसू उशिरा येतं

व्हिसा, फी, विमा हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी परत उगाळत नाही. तुम्ही विचारलंय की इंग्लंडमधल्या लीड्सला येताय, मुलगी सात वर्षांची, पुण्यात शनिवारी नाटक चुकवत नाही, तर इथली विनोदी नाटकं आपल्याला कळतात का. हा प्रश्न वाचल्यापासून काही सुचत नाहीये, म्हणून लिहायला बसले.

मी २००६ पासून इथे आहे. शब्द कळतात. हसू मात्र अर्धा सेकंद उशिरा येतं. सुरुवातीला तर शेजारच्या बाईचे खांदे हलले की मी हसायचे.

पहिलं नाटक २००७ साली लंडनच्या नॅशनल थिएटरला पाहिलं, अयुब खान-दीनचं ‘रफ्ता, रफ्ता’. बोल्टनमधलं भारतीय कुटुंब, नवं लग्न झालेलं जोडपं, पातळ भिंती, पलीकडे सासू-सासरे. गंमत अशी, की मूळ नाटक बिल नॉटनचं, १९६३चं, आणि त्यातलं कुटुंब गोऱ्या कामगाराचं. कुचंबणा तीच. त्या दिवशी मी वेळेवर हसले. चाळीत वाढलेय, पातळ भिंत काय असते ते मला कोणी सांगायला नको!

२००९ मध्ये रिचर्ड बीनचं ‘इंग्लंड पीपल व्हेरी नाइस’ पाहिलं, तेव्हा हसूच येईना. स्थलांतरितांच्या केंद्रात अडकलेले अर्जदार निकालाची वाट बघत एक नाटक बसवतात. त्या नाटकात लंडनच्या बेथ्नल ग्रीनमध्ये आधी फ्रेंच ह्युगेनॉ, म्हणजे धर्मछळाला कंटाळून पळालेले प्रोटेस्टंट, येतात, मग आयरिश, मग ज्यू, मग बांगलादेशी, आणि दर वेळी काल आलेले आज आलेल्यांना शिव्या घालतात. त्यावर वंशवादाचा आरोपही झाला. माझं दुखणं वेगळं होतं. आमचे पासपोर्ट तेव्हा व्हिसाच्या मुदतवाढीला गेले होते, आणि बाईचं मधलं नाव नवऱ्याचं असतं हे कुणाला पटेना. पत्रं यायची ‘मिस्टर सुनील’ला. फोन केला की म्हणायचे, अर्जदारालाच द्या. अहो, अर्जदार मीच! अकरा आठवडे चालला तो फार्स. तेव्हा पासपोर्ट, लग्नाचा दाखला, डिग्री, सगळीकडे नाव अक्षरन् अक्षर सारखं करून या. कामाचा सल्ला एवढाच.

शाळेच्या फॉर्मवर घरच्या भाषेचा रकाना असतो. मी ऐटीत मराठी लिहिलं. माझा सहा वर्षांचा पोरगा गोष्टीची इंग्रजी पुस्तकं आपली आपण वाचायचा. त्याला कच्च्या इंग्रजीवाल्यांच्या टेबलावर बसवलं, आणि दोन टर्म तो ‘कॅट’, ‘मॅट’ गिरवत राहिला. मी भांडायला म्हणून गेले. बाईंनी चहा दिला. ‘नो, नो, इट्स फाइन’ म्हणून परत आले.

‘द प्ले दॅट गोज राँग’ बघितलं तेव्हा तो चहा आठवला. २०१२ मध्ये लंडनमधल्या इझलिंग्टनच्या एका पबच्या माडीवर सुरू झालेलं हे नाटक २०१४ मध्ये डचेस थिएटरला आलं. हौशी मंडळी खुनाचं नाटक करतायत, प्रेत हलतंय, सेट कोसळतोय, आणि नट मात्र काही झालंच नाही अशा थाटात ठरलेली वाक्यं म्हणतायत. इथलं निम्मं हसू याच संकोचावर उभं आहे. लोक पोट धरून हसत होते. मी पण हसले, पण मला सारखं वाटत होतं की बाईंच्या समोरच्या खुर्चीत मीही तेच करत होते. तुम्ही मात्र भांडा. चहा पिऊन झाल्यावर भांडा हवं तर.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. डिसेंबरात चारलाच अंधारतं. दिवा लावायचा, कुकर चढवायचा.

मागे इथे एक मराठी नाटक आलं होतं. मुलाला ओढून नेलं, आता नोकरी करतो तो. पहिल्या अंकात सहज मान वळवली, तर हा स्टेजकडे नाही, माझ्याकडे बघत होता. मी हसले की मग हसायचा.