पुदिना, ज्येष्ठमध आणि पांढरा रस्सा

प्रश्न : माझे वय ५८ असून मी कोल्हापुरात राहतो. रात्री छातीत जळजळते, आंबट पाणी घशाशी येते. दोन महिने जेवणानंतर पुदिन्याचा अर्क आणि झोपताना ज्येष्ठमधाची पूड घेत आहे, तरी आराम नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे. तांबडा रस्सा सोडला. पांढरा चालेल का?

उत्तर : आराम न पडण्याचे एक कारण कदाचित तो अर्कच असेल. अन्ननलिका जठराला मिळते तेथील स्नायूंची झडप आवळलेली राहिली तरच आम्ल खाली राहते आणि पुदिन्यातील मेन्थॉल नेमकी तीच सैल करते. मुरडा येणाऱ्या काही रुग्णांना पुदिन्याच्या तेलाची आतड्यात विरघळणारी कॅप्सूल गुण देते. पण तो विकार वेगळा आणि आपला वेगळा.

ज्येष्ठमधाची मला अधिक काळजी वाटते. त्यातील ग्लिसिऱ्हायझिनमुळे शरीरात मीठ व पाणी साठते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते; आपली गोळी लघवी वाढवणारी असेल तर ते आणखी घटून हातपाय गळणे, हृदयाचे ठोके चुकणे असे त्रास होऊ शकतात. पूड आजच थांबवावी, गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये, आणि डॉक्टरांना दोन्ही दाखवून रक्तदाब व पोटॅशियम तपासून घ्यावे.

पांढऱ्या रश्श्यात लाल तिखट नसते, म्हणून तो सौम्य, अशी आपल्याकडे समजूत आहे. वाटी निवली की कडेला थिजणारा थर पाहा : मटणाची चरबी, त्यात नारळाचे दूध. स्निग्ध अन्न जठरात जास्त वेळ रेंगाळते आणि आडवे होताच वर येते. खायचाच तर दुपारी, थोडा घ्यावा. रात्री जेवण आणि झोप यांत तीन तास जाऊ द्यावेत.



गिळताना घास अडकत असेल, वजन उतरत असेल किंवा शौचास डांबरासारखी काळी होत असेल, तर पथ्यावर विसंबून न राहता दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. जळजळीसोबत घाम फुटून कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर तिला पित्त न समजता तत्काळ रुग्णालय गाठावे.