पिशवीतल्या सुया फेकू नका

प्रश्न : मी कुर्ल्याला राहते. माझा २४ वर्षांचा धाकटा भाऊ गर्दच्या व्यसनात अडकला असून आता तो इंजेक्शन घेतो. त्याच्या पिशवीत मला सीलबंद सिरिंजांचे पाकीट सापडले. एका संस्थेचे कार्यकर्ते ती फुकट देतात, असे तो म्हणाला. व्यसन सोडवायचे सोडून ही माणसे त्याला सुया पुरवतात! पाकीट फेकून पोलिसांत तक्रार करावी का? घरात माझी लहान मुलगीही आहे.
– एक बहीण

उत्तर :
प्रिय ताई,

ज्या भावाला तुम्ही कडेवर घेऊन वाढवले, त्याच्या पिशवीत सिरिंजा सापडल्यावर राग यावा, यात तुमचे काहीच चुकले नाही. तरीही ते पाकीट फेकू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गर्द मिळाला नाही की अंग मोडून येते, जुलाब लागतात, झोप उडते. ही मुले त्याला ‘टर्की’ म्हणतात. त्या अवस्थेत स्वच्छ सुई नाही म्हणून तुमचा भाऊ थांबणार नाही, तो दुसऱ्याची वापरलेली सुई घेईल, आणि तिच्यातून एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी (काविळीचे दोन प्रकार) हे तिन्ही विषाणू त्याच्या रक्तात जाऊ शकतात. १९८० च्या दशकात स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरात पोलीस सुया जप्त करीत आणि दुकानदार त्या विकेनात, तेव्हा एकच सुई अनेकांत फिरू लागली. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील एका दवाखान्यात तपासलेल्या हेरॉइन (गर्द हे त्याचेच अशुद्ध रूप) घेणाऱ्यांपैकी निम्म्या जणांना एचआयव्हीची लागण झालेली आढळली.

एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७ च्या कलम २२ नुसार, केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सुया देणे गुन्हा ठरत नाही. शिवाय तक्रारीमुळे भाऊ त्या कार्यकर्त्यांना टाळू लागला, तर त्याच्या तब्येतीची नियमित विचारपूस करणारी माणसे दुरावतील, आणि मला खरी काळजी या दुराव्याचीच वाटते.

कारण उपचाराची वाटही बहुधा याच माणसांच्या हातून सापडते. वापरलेल्या सुया परत घेताना ते एचआयव्ही व काविळीच्या तपासणीला पाठवतात. हिपॅटायटिस सी निघाला, तर राष्ट्रीय कार्यक्रमात २०१८ पासून मोफत औषधे मिळतात आणि बहुतेक रुग्ण साधारण १२ आठवड्यांत बरे होतात. भावाची तयारी असेल, तर ओएसटी केंद्रात (गर्दऐवजी डॉक्टरांच्या देखरेखीखाली पर्यायी औषध देणाऱ्या केंद्रात) जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिन या औषधाची गोळी मोफत मिळते, टर्की आवरते आणि माणूस कामधंद्याला लागू शकतो. पहिल्यांदा तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर जा. पत्ता १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येईल.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. त्याला जबरदस्तीने कोंडून ठेवले आणि सुटल्यावर त्याने पूर्वीच्याच मात्रेत गर्द घेतला, तर सवय मोडलेल्या शरीराला ती मात्रा जीवघेणी ठरू शकते. तो हाकेला ओ देईनासा झाला, श्वास मंदावला किंवा ओठ निळे पडले, तर क्षणही न दवडता १०८ ला फोन करा.

मुलीसाठी, वापरलेल्या सुया टोपण न लावता जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात, तिचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवून संस्थेकडे परत द्यायला भावाला सांगा. कुणाला सुई टोचलीच, तर जखम पिळू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच सरकारी रुग्णालयात जा. एचआयव्ही टाळण्याची औषधे शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात.