लहान मुलांसोबत तंबू टाकायचाय? जागा अशी शोधा

मुलं लहान आहेत तोवर एकांतासाठी फार आत जाऊ नका. बहुतेक लोक गाडीला लागूनच तंबू ठोकतात, त्यामुळे पाच-दहा मिनिटं चाललात तरी गर्दी मागे पडते, आणि रात्री मूल आजारी पडलं तर गाडी हाताशी राहते. उपग्रह नकाशावर झाडी, उतार, पाणी आधीच बघून ठेवा. पाण्यापासून निदान ६० मीटर लांब राहा. कोरड्या ओढ्याचं पात्र कितीही सपाट दिसलं तरी तिथे मुक्काम नकोच. वरच्या भागात पाऊस झाला की लोंढा अचानक येतो. डोक्यावर वाळकी फांदी नाही ना, तेही पाहा. परवानगी आधी काढा. आणि कृपा करून उजेडातच पोहोचा, म्हणजे जागा पटली नाही तर दुसरी शोधायला वेळ मिळेल.