एकाच ट्रॅक्टरवर २४ व्होल्टचा स्टार्टर आणि १२ व्होल्टचे दिवे कसे चालतात? दोनपैकी एकाच बॅटरीवर टेप जोडला तर चालेल का?

टेपचं आधी सांगतो: जोडू नका. याच एका वायरीवरून भाऊजींचा आणि माझा वाद अजून मिटलेला नाही.

दारव्ह्याकडे त्यांचा जुना ट्रॅक्टर होता. ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, मिळून १२. त्यांच्या टेपला चार सेल लागायचे, म्हणजे ६ व्होल्ट. सेलचा खर्च नको म्हणून एका बॅटरीवरून वायरी ओढल्या आणि रात्रभर नांगरटीला गाणी. मी टोकलं तर म्हणे, "एवढ्याशा टेपानं काय होते बाप्पा!" पुढं स्टार्टर नुसता टक् करून गप्प बसायचा, ट्रॅक्टर रोज उतारावर लावायची पाळी आली. बुचं उघडली तर टेपवाल्या बॅटरीत पाणी पुरेसं, पण हायड्रोमीटरचा (आतल्या पाण्याची घनता मोजायच्या नळीचा) तरंगा तळाला, म्हणजे बॅटरी उतरलेली. दुसरीचं पाणी आटून प्लेटा उघड्या. भाऊजींनी ही आटलेलीच खराब ठरवली, दुकानदाराला शिव्या घातल्या आणि तेवढीच नवी बसवली. टेप तसाच. नवीचंही पाणी आटलं.

डायनामोला मधला जोड कळत नाही, तो दोघींची बेरीज पाहतो. एक उतरलेली असली की बेरीज भरत नाही, चार्जिंग सुरूच राहतं आणि भरलेली बिचारी उकळते.

तुमचा २४ व्होल्टवाला म्हणजे १९६० च्या दशकातले अमेरिकेतले जॉन डिअर ४०१० किंवा सुरुवातीचे ४०२० डिझेल. १२-१२ च्या दोन बॅटऱ्या, बॉडीची अर्थिंग दोघींच्या मधोमध. स्टार्टर दोन्ही टोकांवर, बॉडीपासून अलग, म्हणून त्याला २४ मिळतात. तेवढ्याच ताकदीला करंट निम्मा लागतो. दिवे बॉडी आणि एका टोकामध्ये, म्हणून १२. पण ते दोन्ही बाजूंना वाटून दिलेले असतात. कंपनीनं ती वाटणी उगाच केलेली नाही. तिथंही सगळा लोड एकीकडे टाकला की भाऊजींचीच गोष्ट.

२४ वरून १२ हवेच असतील तर दोन्ही टोकांवर कन्व्हर्टर लावा, मात्र अशा मधल्या अर्थिंगवर टेपची बॉडी ट्रॅक्टरच्या पत्र्याला टेकू देऊ नका. बॅटऱ्या जोडीनंच बदला. अर्थात आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरना १२ व्होल्टच असतात; दोन बॅटऱ्या दिसल्या म्हणून २४ समजू नका, मीटर लावून बघा. आणि भाऊजी, वाचत असाल तर दुकानदाराची बॅटरी चांगली होती.