मुंबईत रिक्षा चालवून घर चालतं का? दिवसाला हातात किती राहतात?

तुम्ही लिहिलंय की कुरिअरमध्ये अठरा हजार मिळतात, घरी बायको आणि दोन मुलं आहेत, आणि ओळखीचा एक रिक्षावाला म्हणतो, "रोजचे दोन हजार कुठं गेले नाहीत." तो खोटं बोलत नसेल. पण तो गल्ला सांगतोय. त्यातून गॅस (सीएनजी), पासिंग म्हणजे आरटीओची गाडी-तपासणी, विमा, टायर जाऊन उरतं ते तुमचं.

मी भांडुपला राहतो. पहिली चार वर्षं दुसऱ्याची रिक्षा शिफ्टवर चालवली. २०१७ ला परमिटं खुली झाली, पुढच्या वर्षी कर्ज काढून स्वतःची घेतली. खाकी शर्ट जाऊन मालकाचा पांढरा आला. बायको खूश झाली, पण तो पहिल्यांदा धुवायला पडेपर्यंतच.

आता हिशोब. १ फेब्रुवारी २०२५ पासून मीटर पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढं किलोमीटरमागे १७.१४ आहे. माझी गाडी दिवसाला सव्वाशे किलोमीटर पळते, पण मीटर टाकलेलं असतं त्यातल्या ऐंशी-पंच्याऐंशीला. बाकी रिकामी धाव. गल्ला पडतो चौदाशे-पंधराशे, तोही दहा-अकरा तास बसून. गॅसला साडेतीनशेच्या आसपास, चहा-वडापावला ऐंशी.

उरलेल्याचं काय करायचं ते आमच्याकडे फ्रिजवरचे तीन डबे ठरवतात. रात्री मी खिसे पलंगावर रिकामे करतो, बायको नोटा सरळ करते, पावसाळ्यात पंख्याखाली वाळवते. पहिला डबा गाडीचा, रोज शंभर, अगदी ताप येऊन अर्धाच दिवस चालवली तरी. दुसरा हप्त्याचा, तीनशे. राहिलेलं तिसऱ्यात, घराचं. हल्ली निम्मे पैसे स्कॅनवर येतात, ते डब्यात पडत नाहीत आणि पटकन उडतात. म्हणून ती माझा मोबाइल हातात घेऊन एकेक आकडा वहीत उतरवते. सुरुवातीला राग यायचा. मग एकदा पासिंगच्या वेळी टायर आणि मीटरचं काम एकदम निघालं, नि कुणापुढं हात पसरावा लागला नाही.

तिसऱ्या डब्यात महिन्याला सोळा-सतरा हजार जमतात. म्हणजे तुमच्या पगारापेक्षा कमीच! ती साड्यांना फॉल-पिको करते, त्याचे चार-पाच हजार आहेत म्हणून भागतं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये गाडी ताडपत्रीखाली उभी होती, हप्ते तुंबले, व्याज चढलं. कर्ज फिटलं गेल्या वर्षी. दुसरा डबा तरी चालूच आहे, आता त्यातून मुलीची अकरावीची फी जाते.

दिवस कसा जातो? पहाटे सव्वापाचला निघतो. विमानतळाचं भाडं मिळालं तर भवानी चांगली, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड त्या वेळी मोकळा असतो. आठ ते अकरा शाळा-ऑफिसवाले. दुपारी घरी जेवून तासभर झोप. मग गॅसची रांग. तिथं चाळीस मिनिटं काढायची, आणि नंबर आला की पंपावरचा पोरगा सांगतो, "प्रेशर नाही." चार किलोच्या जागी अडीच किलो मिळतो, म्हणजे रात्री परत रांग. त्यानंतर स्टेशनबाहेरची गर्दी, साडेनऊपर्यंत.

भाडं नाकारता का, हेही तुम्ही विचारलंय. हो, नाकारलंय. कायद्यानं गुन्हा आहे हे मला माहीत आहे. पण टाकीत काटा खाली असताना कुणी घोडबंदर म्हणालं, की तिथून रिकामं यायचं भाडं कोण देणार? तसा सायनच्या पुढं दादरकडं जायला रिक्षांना परवानगीच नाही, पण पुष्कळांना तोही माजच वाटतो. जवळचं भाडं मात्र नाकारू नका. २६ रुपयांची दहा भाडी एका लांबच्या भाड्यापेक्षा बरी, कारण गाडी रिकामी पळत नाही.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. लघवीला जायची सोय नसते, म्हणून आपण पाणी कमी पितो. मला पस्तिशीत मुतखडा झाला. आता सीटखाली दोन लिटरची बाटली असते, आणि कुठल्या पंपावरचं संडास उघडं असतं ते गॅसच्या भावाइतकं पाठ आहे. डाव्या तळहाताला क्लचचा घट्टा पडला तो पडलाच. क्लचची वायर नेहमी एक जादा ठेवा. माझी कांजूरच्या पुलावर भर पावसात तुटली, मागं एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन बसलेली. मोबाइलचा उजेड तिनं धरला नि वायर मी ओवली. उतरताना तिनं मीटरवर दहा रुपये जास्त दिले. ते मी परत केले नाहीत.

घ्यावी का? लगेच कर्ज काढू नका. आधी बिल्ला (आरटीओचा रिक्षाचालकाचा बॅज) काढा आणि ओळखीच्या मालकाची गाडी शिफ्टवर घ्या. रविवारी नको, सलग आठवड्याची रजा टाकून चालवा, जमलं तर जुलैत, भर पावसात. रात्री पैसे बायकोला मोजायला द्या. सात दिवसांनी वहीत तिचा आकडा काय येतो तो मला इथेच कळवा, मग हप्त्याचं बोलू.