आजोबांचे वेब्ली रिव्हॉल्व्हर घरात सापडले. त्यापासून जुन्या लष्करी पिस्तुलांचा संग्रह सुरू करता येईल का?

आजोबा सैन्यात होते, त्यांच्या पश्चात परवाना कोणाच्याही नावावर झालेला नाही आणि आपण सोलापूर शहरात राहता, असे आपण लिहिले आहे. मीही सोलापूरचाच असून या विषयात बरीच वर्षे रमलो आहे, म्हणून स्पष्ट सांगतो: काचेच्या कपाटात लुगर आणि माउझर ही जर्मन पिस्तुले आणि ब्रिटिश वेब्ली ओळीने मांडलेली असावीत, हे स्वप्न आपल्याकडे सामान्य नागरिकाने पाहू नये. शस्त्र अधिनियमात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर परवानाधारकाला साधारणपणे दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात आणि वारशाने आलेले शस्त्रही त्या दोहोंतच मोजले जाते. शिवाय लुगरचा ९ मिमी बोअर (नळीचा आतला व्यास) निषिद्ध वर्गात, म्हणजे सामान्य नागरिकाला परवाना न मिळणाऱ्या वर्गात मोडतो.

रिव्हॉल्व्हर पिशवीत घालून स्वतः कोठेही नेऊ नका. आधी पोलीस ठाण्यात कळवा, त्यांच्या सांगण्यानुसार ते तेथे किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या आणि मग वारस म्हणून परवान्यासाठी पोलीस आयुक्तालयात अर्ज करा. (ग्रामीण भागात हा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो.) ‘नुसता सांगाडा आहे, चालत नाही’ एवढ्यावर निर्धास्त राहू नये, कारण कायद्यातील सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच जुन्या शस्त्राला आहे, आणि त्याचा निर्णय आपण घरी बसून करायचा नसतो.

जमा करण्यापूर्वी त्यावरील खुणांची छायाचित्रे मात्र जरूर काढून ठेवावीत. वेब्लीच्या वरच्या पट्टीवर ‘मार्क’ क्रमांक असतो. मार्क सहा असेल तर ते १९१५ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेले, .४५५ बोअरचे रिव्हॉल्व्हर होय. बाणाच्या टोकासारखी खूण ही सरकारी मालकीची. सिलिंडरची (काडतुसे भरण्याच्या फिरत्या भागाची) मागची कड तासलेली दिसली, तर ते पुढे अमेरिकन .४५ काडतुसांसाठी बदललेले आहे, आणि जाणकारांच्या लेखी त्याचे मोल तेथेच उतरते. लुगरच्या बाबतीत लहान भागांवर अनुक्रमांकाचे शेवटचे दोन आकडे असतात. ते जुळले नाहीत, तर भाग अदलाबदल झालेले असतात. आणि काहीही झाले तरी पॉलिश करू नका. मूळ झिलई एकदा गेली की ती परत आणता येत नाही.

हा धडा मी स्वतः एका होल्स्टरवर, म्हणजे पिस्तूल ठेवण्याच्या चामडी म्यानावर, शिकलो. माझ्याकडे पिस्तूल एकही नाही. मी चामडी होल्स्टर, साफसफाईच्या सळ्या आणि छापील सैनिकी पुस्तिका जमवतो, कारण त्यांना परवाना लागत नाही. (सिलिंडर किंवा नळी मात्र सुटी मिळाली तरी घेऊ नये, कायद्याच्या लेखी भागही शस्त्रच.) जुन्या बाजारात मिळालेल्या पहिल्या होल्स्टरवर १९१७ साल आणि बाण अगदी स्पष्ट होता. आपल्या उन्हाळ्यात चामडे तडकेल या धास्तीने मी त्याला खोबरेल तेल चोळले. चामडे काळवंडले, शिक्का जेमतेम वाचता येण्याजोगा राहिला, आणि पितळी बटणाभोवती हिरवा थर धरला, तो आजही दर दोन महिन्यांनी मला काडीने खरवडावा लागतो.

पिस्तुले पाहण्याची हौस भागवायची असेल, तर सुमारे ४० किलोमीटरवरील अक्कलकोटच्या राजवाड्यातील शस्त्रागार एक दिवस काढून पाहावे. मी तेथे दर वेळी वही घेऊन जातो.